मुळशीहून अमेरिकेस

पुण्याहून पश्चिमेस जाणारा पौडचा रस्ता ज्यांनीं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वरचेवर पाहिला असेल, त्यांस तो दर खेपेस निराळा दिसला असेल. कोथरूड मागें पडलें कीं चांदणी चौकाचा चढ लागतो आणि पुढें भूगांव, भुकूम, पिरंगुट हीं एके काळचीं सुटीं सुटीं खेडीं आतां एकास एक लागून उभीं असलेलीं दिसतात. पौड हें तालुक्याचें ठाणें. तेथून पुढें मात्र वस्ती विरळ होते, डोंगर जवळ येतात, भाताचीं खाचरें दिसूं लागतात, आणि अखेर मुळशीचा विस्तीर्ण जलाशय डोळ्यांपुढें पसरतो. रस्ता त्याच्या कांठाकांठानें ताम्हिणीच्या घाटांत शिरतो व माणगांवाच्या बाजूस कोंकणांत उतरतो. आषाढ-श्रावणांत येथें पाऊस असा कोसळतो कीं समोरचें झाड दिसूं नये. भाद्रपद सरतां सरतां आंबेमोहोराचा वास खाचरांतून येऊं लागतो, आणि ज्यानें हा वास एकदां घेतला त्यास शहरच्या दुकानांतील तांदूळ पुन्हां फारसा रुचत नाहीं.

ह्याच तालुक्याच्या पूर्वेकडील टोंकास हिंजवडी व माण हीं गांवें आहेत. गेल्या शतकाच्या अखेरीस तेथें माहिती-तंत्रज्ञानाचें उद्यान उभें राहूं लागलें, आणि आज तेथील कांचेच्या इमारतींतून रात्रीं उशिरापर्यंत दिवे जळत असतात. कारण आपली रात्र तो अमेरिकेचा दिवस. एका टोंकास भातलावणी व दुसऱ्या टोंकास संगणक, अशी ह्या तालुक्याची सध्यांची स्थिति आहे. हिंजवडींत चार वर्षें नोकरी केलेला मुलगा कंपनीच्या कामासाठीं म्हणून न्यू जर्सीस वा टेक्ससला जातो, तेथेंच स्थिरावतो, लग्न करून बायकोस घेऊन जातो, आणि एके दिवशीं पौडच्या घरीं फोन येतो कीं, "आई, तुला नात झाली, आतां तुम्ही दोघें या."

ह्या निरोपानें घरांत जो आनंद होतो, त्याच्या पाठोपाठ एक भीतिहि शिरते. अमेरिकेस जावयाचें तर व्हिसा हवा. व्हिसा हवा तर मुंबईस जाऊन वकिलातींतील अधिकाऱ्यापुढें उभें राहावयास हवें. आणि तो काय विचारील, आपण काय सांगूं, व न पटल्यास काय होईल, ह्या विचारानें पस्तीस वर्षें शाळेंत मुलांच्या परीक्षा घेतलेल्या गृहस्थाचीहि झोप उडते. ती भीति घालविण्याकरितां परदेशस्थ मुलांनीं काय करावें व काय करूं नये, ह्याचा विचार पुढें केला आहे. तो मुळशीच्या निमित्तानेंच कां करावा, हें आधीं सांगितलें पाहिजे.

व्हिसा देणारा अधिकारी नाना प्रश्न विचारतो, पण त्या साऱ्यांच्या मुळाशीं एकच प्रश्न असतो: "तुम्ही परत जाल हें कशावरून?" आपल्या भूमीशीं तुम्हांस बांधून ठेवणारें असें काय आहे, हें त्यास पाहावयाचें असतें. आणि मुळशीच्या माणसास त्याच्या भूमीविषयीं विचारणें ही साधी गोष्ट नाहीं. आज आपण ज्या पाण्याकडे कौतुकानें पाहतों, त्याखालीं गांवें आहेत. मुंबईच्या गिरण्यांस व आगगाड्यांस वीज पुरविण्याकरितां टाटांच्या कंपनीनें मुळा नदीवर धरण बांधावयास घेतलें, तेव्हां मुळशी पेट्यांतील पन्नासांवर गांवांच्या जमिनींवर गदा आली. ता. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, तेथें सत्याग्रहास प्रारंभ झाला. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्या लढ्याचे पुढारी. मावळे स्त्रीपुरुष कामाच्या जागीं जाऊन बसले, त्यांनीं मार खाल्ला व तुरुंग भोगला. बापटांस 'सेनापति' ही पदवी लोकांनीं दिली ती ह्याच लढ्यांत. १९२४ पर्यंत झुंज चालली. परंतु धरण झालें, आणि १९२७ सालीं कोंकणांतील भिरा येथें त्या पाण्यावर वीज निर्माण होऊं लागली. जी मुळा पूर्वेस वाहून पुण्यास येते, तिचें हें अडविलेलें पाणी डोंगरांतून पश्चिमेस सोडलें जातें व कुंडलिकेच्या वाटेनें समुद्रास मिळतें.

ह्या इतिहासाचा आणखी एक भाग आपल्या वर्गाच्या वाचकांस गोड लागणारा नाहीं; तरी तो सांगितला पाहिजे. पेट्यांतील पुष्कळशा जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या, आणि त्या सावकारांत ब्राह्मण बरेच होते. सभांतून जमिनीच्या मायेवर व्याख्यानें झालीं. पण जमिनीच्या मोबदल्याची वेळ आली, तेव्हां अनेक सावकारांनीं रक्कम घेणें पसंत केलें, आणि कसणारा मावळा मात्र भूमीवांचून राहिला. प्रा. राजेंद्र व्होरा ह्यांनीं मुळशी सत्याग्रहावरील आपल्या ग्रंथांत ह्या गोष्टीचा विस्तारानें ऊहापोह केला आहे. पुढें १९४८ च्या कूळकायद्यानें गांवोगांवच्या बिनकसत्या मालकांच्याहि जमिनी हळूहळू गेल्या. तेव्हां आज ह्या भागांतील एखाद्या जुन्या भिक्षुकी किंवा कुळकर्णी घराण्यास "तुमची येथें जमीन किती?" असें कोणी विचारलें, तर सात-बाराचा उतारा दाखवून त्याचें उत्तर देतां येईलच असें नाहीं; आणि ज्याचें मूळ गांवच पाण्याखालीं गेलें त्या मावळ्याच्या नातवास तर मुळींच नाहीं. म्हणून माणूस आपल्या गांवास कशानें बांधलेला असतो, हा प्रश्न मुळशींत नीट तपासून पाहण्यासारखा आहे.

परदेशास जाण्याच्या मार्गांतील अडथळेहि काळाप्रमाणें पालटले आहेत. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्यें कलकत्त्याहून बोटींत बसून अमेरिकेस गेल्या, तेव्हां त्यांस कोणी व्हिसा विचारला नाहीं. अडथळा होता तो येथल्या समाजाचा. समुद्रोल्लंघन हें पातक, आणि परत आल्यास प्रायश्चित्त! १८८६ च्या मार्चमध्यें त्या डॉक्टर झाल्या, वर्षअखेर स्वदेशीं आल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्यें पुण्यास वारल्या. त्यांच्या अस्थि त्यांना मुलीप्रमाणें वागविणाऱ्या कार्पेंटरबाईंनीं अमेरिकेंत पकीप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेवल्या. स्वतः बापटहि १९०४ सालीं शिष्यवृत्ति मिळवून एडिंबरोस गेले होते. पासपोर्टाची सक्ति सर्वत्र रूढ झाली ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. अमेरिकेनें १९१७ च्या कायद्यानें हिंदी लोकांस दार जवळजवळ बंदच केलें. १९४६ सालीं वर्षास अवघ्या शंभर जणांपुरतें तें किलकिलें झालें. आणि १९६५ च्या कायद्यानें देशवार भेदभाव काढल्यावर आपले डॉक्टर व इंजिनियर तेथें जाऊं लागले. पूर्वीं गांवचे लोक विचारीत, "गेलास कां?" आतां पलीकडचा अधिकारी विचारतो, "परत जाल ना?" प्रश्नकर्ता बदलला, दिशा बदलली, पण घर सोडून जाणाऱ्याची झडती चुकली नाहीं.

आतां ह्या झडतीचें स्वरूप पाहूं. अमेरिकेचा १९५२ चा इमिग्रेशनचा कायदा आहे. त्याच्या २१४ (ब) ह्या कलमानें, प्रवासी म्हणून व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहावयासच येत आहे असें गृहीत धरावें, आणि तसें नाहीं हें अर्जदारानें अधिकाऱ्यास पटवून द्यावें, असा दंडक घातलेला आहे. आपल्याकडे गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपीस निर्दोष मानतात. येथें उलट प्रकार आहे. हें एकदां समजलें म्हणजे अधिकाऱ्याच्या रुक्षपणाचा राग येत नाहीं. तो तुम्हांस लबाड म्हणत नसतो. कायद्यानें त्याच्या हातीं दिलेल्या समजुतीपासून तो आरंभ करीत असतो. मुलांनीं आईबापांस पहिल्यानें सांगावयाचें तें हेंच. निवृत्त मुख्याध्यापकास कोणी परका तरुण मनुष्य कांचेपलीकडून "तुम्ही परत याल कशावरून?" असें विचारतो, तेव्हां त्यास तो आपल्या चारित्र्यावरील आक्षेप वाटतो, आणि दुखावलेला मनुष्य एक तर गप्प बसतो, नाहीं तर नको तितकें बोलतो.

मुलाखतीच्या आधींचें मुख्य काम म्हणजे डी. एस. १६० ह्या नांवाचा अर्ज. तो संगणकावर इंग्रजींत भरावयाचा असतो, आणि वीस मिनिटें हात थांबला तर पान मिटून जातें. म्हणून अर्जाचा क्रमांक आधींच टिपून ठेवावा. बहुतेक घरीं हा अर्ज मुलगा वा मुलगी परदेशांत बसून भरते. त्यास हरकत नाहीं, परंतु "अर्ज भरण्यास कोणी मदत केली काय?" असा प्रश्न अर्जांतच आहे, त्याचें उत्तर खरें द्यावें, आणि शेवटची सही म्हणून जी कळ दाबावयाची ती अर्जदारानेंच दाबावी. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, भरलेला अर्ज आईवडिलांस मराठींत ओळीनें वाचून दाखवावा. मुलानें अर्जांत तीन महिने लिहिले आणि वडिलांनीं खिडकीशीं सहा सांगितले, असे घोटाळे केवळ न वाचल्यामुळें होतात.

ह्या अर्जांत आपल्याकडील जुन्या चालीरीति कशा अडखळतात, हें पाहण्यासारखें आहे. पहिली अडचण नांवाची. "तुमचें पूर्वीं दुसरें कांहीं नांव होतें काय?" असें तेथें विचारतात. इंग्रज मनुष्यास ह्यांत फार तर माहेरचें आडनांव अभिप्रेत असतें. पण आपल्या घरांत मुलगी सासरीं आली कीं तिचें आडनांव, मधलें नांव आणि पुष्कळदां पाळण्यांतलें नांवहि पालटतें. शाळेच्या दाखल्यावर एक, लग्नपत्रिकेंत दुसरें, बँकेंत तिसरें आणि पासपोर्टावर चौथें! आजीबाईंना ह्यांत वावगें कांहींच वाटत नाहीं. परंतु अर्जांत सारीं नांवें सरळ लिहून टाकावीं, आणि मुख्य नांव पासपोर्टावर असेल तसेंच अक्षरशः घालावें.

दुसरी अडचण जन्मतारखेची. मुळशीच्या खेड्यांत साठ-सत्तर वर्षांपूर्वीं जन्मलेल्या माणसाची तारीख बहुधा १ जून असते. ती आईनें दिलेली नसून गुरुजींनीं दिलेली असते. मुलास शाळेंत घालतांना वय जमावें म्हणून हजेरीपटावर तीच तारीख मांडण्याची पद्धत सर्रास होती. घरचा हिशेब निराळा असतो: "पानशेत फुटलें तेव्हां हा रांगत होता." पानशेत फुटलें तें ता. १२ जुलै १९६१ रोजीं, म्हणजे घरचा हिशेब बराच अचूक निघतो. पण कागदावर चालते ती गुरुजींची तारीख. नवराबायको दोघांची जन्मतारीख १ जून पाहून परका अधिकारी चकित झालाच, तर खरी हकीकत एका वाक्यांत सांगतां यावी.

तिसरा भाग गमतीचाहि आहे व गंभीरहि. तुम्ही दहशतवादी आहांत काय, मनुष्यांचा चोरटा व्यापार केला आहे काय, असे प्रश्न त्या अर्जांत ओळीनें विचारलेले असतात. देवपूजा आटोपून बसलेल्या आजोबांस हे वाचून दाखविले म्हणजे ते हंसतात, नाहीं तर चिडतात. "तुम्हांस कधीं अटक झाली होती काय?" हा प्रश्न मात्र हंसण्यावारी नेऊं नये. सेनापति बापट आज अर्ज करते, तर त्यांस 'होय' असेंच लिहावें लागतें. कोणा आंदोलनांत एक दिवसाची अटक झाली असली, तरी तीहि लपवूं नये. कारण प्रामाणिक उत्तरानें फार तर एखादा प्रश्न वाढतो, पण मुद्दाम खोटें सांगितल्याचें ठरल्यास अमेरिकेचें दार कायमचें बंद होऊं शकतें.

अर्जाचें शुल्क जून २०२३ मध्यें माणशीं १८५ डॉलर करण्यांत आलें. व्हिसा नाकारला तरी तें परत मिळत नाहीं, आणि असे आंकडे बदलत असल्यामुळें पैसे भरण्यापूर्वीं वकिलातीच्या अधिकृत पानावर पाहून घ्यावें. मुलाखतीची तारीख मिळण्यास कित्येकदां महिने लागतात. म्हणून बारसें किंवा मौंज डोळ्यांपुढें ठेवून फार आधींपासून हालचाल करावी, मात्र व्हिसा हातीं येईपर्यंत विमानाचें तिकीट काढूं नये. अतिवृद्धांस पूर्वीं मुलाखतींतून जी सूट मिळे, तीहि सप्टेंबर २०२५ पासून सामान्यतः राहिलेली नाहीं. ऐंशी वर्षांच्या आजींनाहि आतां मुंबई गांठावी लागते.

मुंबईंत दोन खेपा होतात. एकदां बोटांचे ठसे व छायाचित्र देण्याकरितां, आणि नंतर प्रत्यक्ष मुलाखतीकरितां. अमेरिकन वकिलात पूर्वीं ब्रीच कँडीस समुद्राकांठीं होती. २०११ च्या नोव्हेंबरांत ती वांद्रे-कुर्ला संकुलांत आली. पौडहून पहाटे निघून हें साधणें म्हाताऱ्या माणसांस कठीण. आदल्या दिवशीं मुंबईंत कोणा नातलगाकडे उतरावें हें उत्तम. आंत मोबाइल फोन नेऊं देत नाहींत. मुलाचा पत्ता, दूरध्वनीचा क्रमांक, बाहेर कोठें भेटावयाचें तें ठिकाण, हें सारें कागदावर लिहून वडिलांच्या खिशांत घालावें. फोन जवळ नसला म्हणजे हल्लींच्या माणसास बायकोचाहि क्रमांक आठवत नाहीं.

मुख्य गोष्ट तालमीची. समुद्रापलीकडे सकाळ व येथें रात्र, अशा वेळीं पडद्यावर मुलगा अधिकारी होऊन बसतो व आईवडिलांची परीक्षा घेतो. हा देखावा आज कितीतरी घरांत दिसतो. त्यांतला संवाद बहुधा असा असतो:

"बाबा, अमेरिकेस कशाला जातां?"

"तुला भेटायला."

"मला नव्हे, साहेबाला सांगा."

"साहेबालाहि तेंच सांगणार ना!"

येथें वडिलांचेंच खरें आहे. मुलास वाटतें कीं कांहीं तरी भारदस्त, इंग्रजी, पाठ केलेलें उत्तर असावें. तसें नको. पाठ केलेलें उत्तर ऐकूं येतें तेंच पाठ केलेलें म्हणून. आणि मधेंच शब्द विसरला तर मनुष्य खोटें बोलत असल्यासारखा दिसतो. मुंबईच्या वकिलातींत मराठींतून बोलण्याची विनंति करतां येते, ती संकोच न धरतां करावी. मोडक्या इंग्रजीपेक्षां स्वच्छ मराठीनें मनुष्य अधिक विश्वासार्ह वाटतो.

आईची अडचण निराळी. तिला विचारावें, "आई, तूं कशाला जातेस?" कीं ती आरंभापासून सांगूं लागते: सुनेस दिवस गेले तेव्हांपासूनचें, विहीणबाईंच्या गुडघ्याचें, त्या कां येऊं शकत नाहींत त्याचें, आणि डिंकाचे लाडू नेऊं देतात कीं नाहीं त्याचें. घरीं हें सारें बोलणें गोड. पण खिडकीशीं भेट कित्येकदां दोन-तीन मिनिटांत संपते. म्हणून एकाच गोष्टीची संवय करावी: जें विचारलें तेवढ्याचें उत्तर, एका-दोन वाक्यांत, आणि मग थांबावें. सुनेच्या बाळंतपणास जावयाचें असल्यास तसें सांगण्यास मुळींच भिऊं नये. कोणी शहाणा सल्लागार सांगतो कीं, "नातवंडाचें नांव काढूं नका, प्रेक्षणीय स्थळें पाहावयास जातों म्हणा." ज्या बाईनें कधीं सिंहगड पाहिला नाहीं, ती नायगारा पाहण्यासाठीं सात समुद्र ओलांडते, हें कोण खरें मानील?

कांहीं माहिती मात्र आईवडिलांस पक्की हवी. मुलगा कोणत्या गांवीं राहतो, कोणत्या कंपनींत काय काम करतो, तेथें कोणत्या परवान्यावर आहे, खर्च कोण करणार, किती दिवस राहावयाचें आणि येथें मागें कोण आहे. आपल्याकडे मुलाच्या नोकरीविषयीं आईबाप अभिमानानें बोलतात, पण तो नेमकें करतो काय हें पुष्कळांस ठाऊक नसतें. "कॉम्प्युटरमध्यें आहे" ह्यापलीकडे वाक्य जात नाहीं. ह्या तालमीचा एक अनपेक्षित लाभ असा कीं, दहा वर्षांत प्रथमच मुलगा बापास आपलें काम समजेल अशा मराठींत सांगतो. व्हिसा मिळो न मिळो, एवढी तरी कमाई पदरांत पडते.

कागदांची मोठी फाइल नेण्याची आपल्याकडे हौस असते: सात-बारा, बँकेचीं पुस्तकें, पेन्शनचा हुकूम, घराची पावती, मुलाचें निमंत्रणपत्र. निमंत्रणपत्र आवश्यक नसतें, आणि पुष्कळदां अधिकारी एकहि कागद मागत नाहीं. तो अर्ज व माणूस एवढेंच पाहतो. फाइल जवळ असावी, पण तिच्यावर भिस्त ठेवूं नये.

आतां मुळांतल्या प्रश्नाकडे येऊं: परत याल कशावरून? मुळशीच्या एखाद्या घरांत हा प्रश्न विचारून पाहावा. मावळा म्हणेल, "आवणीला मी नसलों तर भात कोण लावील?" निवृत्त शिक्षक म्हणतील, "नव्वद वर्षांची आई घरीं आहे. धाकट्या भावाकडे तीन महिन्यांपुरती ठेवून जातों." काकू म्हणतील, "गणपतीला घरीं नको का?" हींच खरीं उत्तरें आहेत. पेन्शन, स्वतःचें घर, पाठीमागचें माणूस, ठरलेला दिवस: हीं बंधनें प्रत्येक घरीं असतात, केवळ तीं कोणी विचारीत नाहीं म्हणून तोंडीं येत नाहींत. जमीन गेली, गांव बुडालें, तरी माणसें ह्या तालुक्यांत राहिलीं तीं ह्याच बंधनांवर. मुलानें तालमीच्या वेळीं उत्तर घालून देण्यापेक्षां आईबापांना एवढेंच विचारावें कीं, "तुम्हांला लवकर परत कां यावेंसें वाटेल?" आणि मग जें ऐकूं येईल तेंच खिडकीशीं सांगावयास सांगावें.

इतकें करूनहि नकार येऊं शकतो. त्या वेळीं एक छापील कागद हातीं देतात आणि अपील नसतें. परंतु तो कायमचा मज्जावहि नसतो. परिस्थिति बदलली म्हणजे पुन्हां अर्ज करतां येतो. नकार मिळालेल्या घरांत त्या दिवशीं एखाद्या मृत्यूसारखी शांतता पसरते, आणि नंतर नवराबायकोंत "तुम्ही असें बोललांत", "तूंच मधें बोललीस" असा वाद सुरू होतो. घरांतील कर्त्या माणसानें हा वाद पहिल्या दिवशींच थांबवावा. दोन मिनिटांत परक्या माणसानें दिलेला निकाल हा तुमच्या संसाराचा निकाल नव्हे. मुलगा व नात ह्यांस इकडे येण्यास कोणी आडकाठी केलेली नाहीं, हेंहि त्या घरांत कोणी तरी मोठ्यानें म्हणावें.

व्हिसा मिळाला तर तो आपल्याकडील प्रवाशांस बहुधा दहा वर्षांचा मिळतो; पण दहा वर्षें राहतां येतें असा त्याचा अर्थ नाहीं. प्रत्येक खेपेस किती दिवस राहावयाचें, तें अमेरिकेच्या विमानतळावरील अधिकारी ठरवितो. सामान्यतः सहा महिन्यांची मुदत मिळते. येथेंच परदेशस्थ मुलांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. सहा महिने मिळाले म्हणून सहाहि महिने राहवून घ्यावें, असें नाहीं. ज्या माणसाचा दिवस पौडच्या बाजारपेठेंत दहा जणांशीं बोलण्यांत गेला, त्यास मोटारीवांचून घराबाहेर पडतां न येणाऱ्या उपनगरांत, हिमाच्या दिवसांत, सकाळीं आठ ते संध्याकाळीं सहा एकट्यानें बसविणें हा पाहुणचार नव्हे. आईचें स्वयंपाकघर बदलतें, काम बदलत नाहीं. आणि नातवंड सांभाळण्याचा आनंद तिसऱ्या महिन्यांत नोकरीसारखा वाटूं लागतो. तेथील औषधपाण्याचा खर्च अवाढव्य असल्यामुळें प्रवासाचा विमा निघण्यापूर्वींच उतरवावा, आणि नेहमींचीं औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीसह पुरेशीं बरोबर न्यावींत. परतीची तारीख मात्र आईबापांनीं ठरवावी.

मागें राहणाऱ्यांचाहि विचार एकत्र कुटुंबांत झाला पाहिजे. थोरला परदेशांत, आईबाप त्याच्याकडे, आणि वृद्ध आजी धाकट्याच्या पदरीं, अशी वाटणी वर्षोनवर्ष चालली तर धाकट्या सुनेच्या मनांत जें सांचतें, त्यास कोणत्याहि अर्जांत रकाना नाहीं. आईवडील ज्या बळावर "आम्ही परत येऊं" असें वकिलातींत ठणकावून सांगतात, तें बळ ह्या मागें राहिलेल्या माणसांचें असतें. परदेशांतील मुलानें तिकिटाचे पैसे पाठवितांना ह्याची आठवण ठेवावी.

"परत याल ना?" हा प्रश्न मुंबईच्या कचेरींत आईबापांस विचारला जातो, आणि तीं बिचारीं त्याचें खरें उत्तर देऊन पुढें तें पाळतातहि. मुलास हा प्रश्न कोणी वकिलातींत विचारीत नाहीं. आणि घरीं विचारण्याचा धीर आईबापांस होत नाहीं. तालमीच्या एखाद्या रात्रीं, अर्जाचीं सारीं पानें वाचून झाल्यावर, मुलानें आपण होऊन त्याचें उत्तर द्यावें. तें 'होय' असो वा 'नाहीं', म्हाताऱ्या माणसांस तें ठाऊक असलें म्हणजे खाचरें कोणास करावयास द्यावयाचीं, घर ठेवावयाचें कीं नाहीं आणि आपण कोठें डोळे मिटावयाचे, हें तीं निश्चिंतपणें ठरवूं शकतात.